अंधारातही गुलाबी होणारं जेल: उन्हाळ्यातल्या अतिनील मापनाचा घोळ आणि त्यावरचे उपाय

उन्हाळा लागला की एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. अतिनील किरणं मोजायला गच्चीवर उन्हात ठेवलेलं जेल गुलाबी झालं, इथपर्यंत ठीक. पण शेजारी फॉइलमध्ये गुंडाळून ठेवलेलं जेलही गुलाबी झालं. मग उन्हातल्या जेलनं अतिनील किरणं मोजली, की आणखी काही?

दोन्ही मोजलं. टीटीसी या रसायनाचं जेल अतिनील किरणांनी लाल होतं, तसंच ते उष्णतेनं, अल्कधर्मी पाण्यानं आणि जिवाणूंनीही होतं. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांच्या घरात, पाणी बोअरचं, आणि भारनियमनात फ्रिज बंद. तिन्ही कारणं एकदमच हजर असतात. म्हणून आपल्याकडे झाकलेल्या जोडीशिवाय घेतलेला एकही आकडा धरू नये. उन्हातल्या प्रत्येक जेलमागे त्याच बाटलीतलं, त्याच वजनाचं, त्याच तापमानाला ठेवलेलं एक झाकलेलं जेल हवंच. दोघांच्या रंगातला फरक तेवढा अतिनील किरणांचा.

आधी जेल नेमकं कोणतं, ते पक्कं करू. टीटीसी म्हणजे ट्रायफिनाइल टेट्राझोलियम क्लोराइड. बियाण्याची जीवनक्षमता तपासायला हेच वापरतात: जिवंत भाग लाल होतो, मेलेला पांढराच राहतो. त्यामुळे जालन्यासारख्या बियाण्यांच्या गावात ते तपकिरी बाटलीत सहज सापडतं. दुसरा घटक पोलोक्सामर ४०७, जो प्लुरॉनिक एफ-१२७ या नावानेही मिळतो. औषधनिर्माण महाविद्यालयांत तो जेल आणि मलमांसाठी आणलेला असतो. टीटीसी मुळात रंगहीन. अतिनील किरणं पडली की त्याचं लाल फॉर्माझान होतं. फॉर्माझान पाण्यात विरघळत नाही, म्हणून जिथे तयार झालं तिथेच बसतं. किरणं मोजायच्या लोहक्षारांच्या फ्रिक जेलमध्ये रंग दिवसागणिक पसरत जातो, ती कटकट इथे नाही.

१०० ग्रॅम जेलचं माप असं: पोलोक्सामर २५ ग्रॅम, थंड ऊर्ध्वपातित पाणी ६५ मिली, आणि टीटीसीचं १ टक्का द्रावण १० मिली. ०.१ ग्रॅम टीटीसी थेट तोलायला जाऊ नका. दोन दशांशांच्या काट्यावर एवढ्याशा वजनात दहा टक्क्यांची चूक सहज होते. ०.५ ग्रॅम घेऊन ५० मिली पाण्यात विरघळवा आणि त्यातलं १० मिली पिपेटनं घ्या. बियाणे प्रयोगशाळेतून आयतं १ टक्का द्रावण मिळत असेल तर ते फॉस्फेट बफरमध्ये केलंय का, हे विचारून घ्या. बियाण्यासाठी पीएच ७ च्या आसपास राखायला बफर घालतात. इथे तो नको. साध्या पाण्यातलं द्रावण वेगळं करा.

पोलोक्सामर थंड पाण्यावर थोडा थोडा भुरभुरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा. तो थंडीतच विरघळतो. मिक्सर, चुंबकी ढवळणीचा जोराचा फेरा, गरम पाणी, यातलं काहीही केलं तर फेस किंवा गुठळ्या होतात आणि पुढे प्रत्येक बुडबुडा मोजणीत चूक आणतो. सकाळी गार असतानाच टीटीसी घालून बाटली हलक्या हाताने उलटसुलट करा, फॉइल गुंडाळा, पुन्हा चार-पाच तास फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे बुडबुडे वर येऊन फुटतील. खिडकीपासून दूर, साध्या दिव्याच्या उजेडात काम केलं तरी चालतं. दार उघडून पडवीत मात्र येऊ नका.

झाकलेली जोडी गुलाबी का होते

सगळ्यात आधी रंग कसा आलाय ते डोळ्यांनी नीट पाहा. जेलचं पाकीट (पातळ फिल्ममध्ये बंद केलेलं जेल) आडवं धरून कडेनं बघितलं तर अतिनील किरणांचा रंग सूर्याकडच्या बाजूला गडद आणि खाली फिका होत गेलेला दिसतो, कारण किरणं वरच्या थरातच जास्त शोषली जातात. उष्णतेचा किंवा पाण्याचा रंग सगळीकडे सारखा, सरबतासारखा. आणि जिवाणूंचा रंग ठिपक्यांचा: लाल-किरमिजी टाचणीच्या टोकाएवढे बिंदू, बहुधा तळाशी किंवा कडेला, जे २४ ते ४८ तासांत मोठे होत जातात. सूक्ष्मजीव श्वसन करताना टीटीसीला लाल करतात. बियाण्याचा जिवंत भाग लाल होतो तोच हा प्रकार. ठिपके दिसले की ती बाटलीच टाकून द्या, गाळून वापरू नका. पुढच्या वेळी भांडी उकळत्या पाण्यातून काढा, पाणी उकळून झाकून गार करा आणि जेल तीन दिवसांत संपवा. टिकावं म्हणून कुणी सोडियम अझाइड सुचवतं. ते विषारी आहे, शाळा-महाविद्यालयात त्याचं काही काम नाही.

रंग सरबतासारखा एकसारखा असेल तर संशय पाण्यावर. आपल्या बेसॉल्टच्या खडकातलं बोअरचं पाणी कठीण, बायकार्बोनेटचं, पीएच बहुधा ७.५ च्या वर. अल्कधर्मी पाण्यात टीटीसी सहज क्षपण पावतं (म्हणजे लाल होतं), विशेषतः भांड्याला साखरेचा किंवा व्हिटॅमिन सी-चा अंश राहिला असेल तर. लिंबूसरबताच्या बाटल्या धुऊन वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. घरच्या आरओचं पाणीही पुरेसं नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं म्हणून कॅनमध्ये मिळणारं ‘डिस्टिल्ड’ पाणी कधी नुसतं आरओचंच असतं, कधी आम्लाच्या भांड्यातून आलेलं असतं. पीएच पट्टी बुडवल्याशिवाय घेऊ नका. सगळ्यात बिनघोर मार्ग म्हणजे औषधाच्या दुकानातलं इंजेक्शनसाठीचं निर्जंतुक पाणी. १० मिलीच्या कुप्या मिळतात. १०० ग्रॅम जेलला सात कुप्या, आणि टीटीसीच्या द्रावणाला पाच.

पाणी चांगलं असूनही झाकलेली जोडी रंगते, तेव्हा चार पाकिटं लावा. पहिलं पूर्ण जेल, झाकून, घरातल्या सावलीत. दुसरं पूर्ण जेल, झाकून, उन्हात तापणाऱ्या जागी. तिसरं टीटीसी न घातलेलं, उघडं, उन्हात. चौथं पूर्ण जेल, उघडं, उन्हात. दोन तासांनी पहिलंच रंगलं असेल तर दोष पाण्यात, भांड्यात किंवा जुन्या टीटीसीत. पहिलं कोरं आणि दुसरं रंगलेलं असेल तर उष्णता. तिसरं पिवळसर पडलं तर पोलोक्सामर जुना किंवा मळलेला. पहिली तिन्ही कोरी आणि फक्त चौथं लाल, तरच पुढे मोजायला बसा. पोलोक्सामरचं नवं पाकीट फोडलं की ही परीक्षा पुन्हा करा. काही मालात अँटिऑक्सिडंट घातलेला असतो आणि त्यानं रंग यायचा वेग बदलतो.

उष्णता की अतिनील: घड्याळ सांगतं

यापेक्षाही बोलकी एक चाचणी आहे आणि तिला यंत्र लागत नाही. अतिनील किरणं सूर्य डोक्यावर येतो तेव्हा सर्वाधिक असतात. मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरला ती वेळ १२:२५ च्या आसपास, नांदेडला १२:१७ च्या आसपास. घड्याळाचे बारा नव्हेत. हवेचं तापमान मात्र तीन-चार वाजता कळस गाठतं. म्हणजे उष्णता आणि अतिनील यांच्यात आपल्याकडे तीनेक तासांचं अंतर आहे, आणि तेच अंतर कामाला लावायचं.

संभाजीनगरला एक पाकीट ९:५५ ते १०:५५ ठेवा, दुसरं १:५५ ते २:५५. दोन्ही वेळा सूर्यमाध्यान्हापासून सारख्याच दूर, म्हणून आभाळ निरभ्र असेल तर दोघांना अतिनील जवळपास सारखंच मिळतं. हवा मात्र दुपारी कितीतरी अंशांनी जास्त तापलेली. दोन्ही पाकिटांचा रंग सारखा आला तर जेल अतिनील मोजतंय. दुपारचं ठळकपणे गडद आलं तर ते ऊन नव्हे, झळा मोजतंय. दुपारचं फिकं आलं तर धूळ उठली होती किंवा ढग आले होते. तो दिवस सोडून द्या. नांदेड, हिंगोली, परभणीकडे वेळा थोड्या आधी घ्याव्या लागतील.

उष्णतेचा वाटा कमी करायचा तर पाकीट पत्र्यावर, डांबरावर किंवा तापलेल्या फरशीवर ठेवू नका. मातीचं माळवद असेल तर उत्तम, नाहीतर थर्माकोलचा दोन बोटं जाड तुकडा, त्यावर पांढरा कागद, त्यावर पाकीट. झाकलेली जोडी फॉइलच्या दोन घड्यांत आणि फॉइलवरून पांढरा कागद. काळा कागद वापरला तर झाकलेलं पाकीट उघड्यापेक्षा जास्त तापतं, वजाबाकीत जास्त रंग वजा होतो आणि अतिनीलचा आकडा खोटाच कमी येतो. ही चूक फार जणांकडून होते, कारण ‘अंधार’ म्हटलं की हात काळ्या कागदाकडेच जातो. झाकलेल्या जोडीचा रंग उघड्याच्या पाचव्या हिश्शाहून जास्त असेल तर ते मोजमाप टाकून द्या आणि वेळ कमी करून पुन्हा ठेवा.

जेल पातळ होणं

इथे दोन उलट स्वभावांची जेल आहेत आणि लोक एकाचा उपाय दुसऱ्याला करतात. जिलेटिनचं जेल ३०-३५ अंशांना वितळतं. आपल्याकडे मे महिन्यात ते गच्चीवर चहासारखं होतं. ६ टक्क्यांचं केलं काय आणि ८ टक्क्यांचं केलं काय. ते डिसेंबर-जानेवारीसाठी ठेवा. पोलोक्सामर उलटा: २५ टक्क्यांचं द्रावण फ्रिजमध्ये पातळ आणि साधारण १५ अंशांच्या वर घट्ट. ४५ अंशांनाही ते हलत नाही.

म्हणून उन्हातून काढलेलं पाकीट ‘रंग टिकावा’ म्हणून फ्रिजमध्ये टाकलं की ते विरघळतं आणि वरच्या थरातला रंग खाली मिसळतो. टोपीच्या सावलीची कड, हाताच्या बोटांची छाया, असा नकाशा हवा असेल तर फ्रिज वर्ज्य. तेव्हा पाकिटं फॉइल लावून डब्यात, डब्याला ओलं गोणपाट, आणि डबा माठाशेजारी सावलीत. आपल्या कोरड्या हवेत माठाजवळ हवेपेक्षा बराच गारवा मिळतो, पण जेल पातळ होण्याइतका नाही. अगदी हवा तेवढाच.

भारनियमनात फ्रिज बंद राहिला आणि बाटलीत जेल घट्ट झालं तर घाबरू नका, गरमही करू नका. वीज आली की पुन्हा गार होऊ द्या, आपोआप पातळ होईल. फक्त ती बाटली किती तास गरम राहिली ते लेबलवर लिहा.

रंगच येत नाही

दहापैकी बहुतेक वेळा दोष झाकणाचा. खिडकीच्या साध्या काचेतून यूव्हीए (लांब लहरींची अतिनील किरणं) आत येतं, पण यूव्हीबी (त्याहून आखूड लहरींची) जवळजवळ सगळं अडतं, आणि टीटीसीचं जेल यूव्हीबीलाच जास्त दाद देतं. काचेची पेट्री डिश, काचेची परीक्षानळी, पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक, ओव्हरहेड प्रोजेक्टरची पारदर्शक शीट, हे सगळं बाद. प्लॅस्टिकच्या पेट्री डिशचं झाकणही काही भाग खातं. पातळ साधी पॉलिथिनची पिशवी किंवा स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म घ्या. पॉलिहाउसवरचा जाड पॉलिफिल्म नको, त्यात अतिनीलपासून टिकण्यासाठी रसायन घातलेलं असतं.

जेल फिल्मशिवाय उघडंही ठेवू नका. कोरड्या उन्हाळी हवेत जेल पाणी सोडतं, आकसतं आणि नुसत्या आकसण्यानंच गडद दिसतं. पाकीट ठेवण्यापूर्वी आणि काढल्यावर तोला. ५ ग्रॅममधले ०.२५ ग्रॅम कमी झाले असतील तर सील गळतंय.

साचा साधाच: ३ मिमी जाडीच्या फोमशीटमधून ४ × ४ सेंमीचा चौकोन कापा, खालून-वरून फिल्म, आणि त्यात इंजेक्शनच्या सिरिंजनं गार जेल ४.८ मिली. सिरिंजमुळे सगळ्या पाकिटांत जेल सारखंच जातं. वीस मिनिटं सपाट जागी ठेवलं की घट्ट होतं. दोन पाकिटं शेजारी ठेवूनही रंग वेगळा आला तर बहुधा एक तिरपं होतं. जेल घट्ट होताना एका कडेला जमलं की जाडी बदलते. पाणसळ लावून टेबल तपासा.

रंग वाचताना

फॉर्माझान ४८० नॅनोमीटरच्या आसपास जास्त शोषतं. महाविद्यालयातल्या कलरीमीटरवर (रंगानं किती प्रकाश शोषला ते मोजणाऱ्या यंत्रावर) ४७० किंवा ५०० चा फिल्टर घ्या आणि पूर्ण प्रयोगभर तोच ठेवा; ५३० वर आकडे येतात पण संवेदनशीलता जाते. एकूण मात्राच हवी असेल तर इथे पोलोक्सामरचा स्वभाव मदतीला येतो. पाकीट पातळ होईपर्यंत गार करा, हलकेच मिसळा, क्युवेटमध्ये (कलरीमीटरच्या छोट्या पारदर्शक नळीत) धारेनं ओता, खोलीच्या तापमानाला घट्ट होऊ द्या, बाहेरची ओल पुसा आणि वाचा. झाकलेल्या जोडीवरही हेच, त्याच क्रमाने, तेवढ्याच मिनिटांनी. लाल कण तरंगताना दिसले तर ते वाचन धरू नका.

मोबाइलनं काम होतं, पण आपोआप होणारं व्हाइट बॅलन्स आणि एचडीआर बंद करा, फ्रेममध्ये कोरं पाकीट आणि पांढरा कागद कायम ठेवा, आणि प्रकाश एकाच दिव्याचा. फोटोतल्या रंगाच्या लाल-हिरवा-निळा या तीन आकड्यांपैकी हिरवा घ्या. उन्हातल्या पाकिटाचा आकडा कोऱ्याच्या आकड्यानं भागून त्याचा लॉगरिदम घ्यायचा आणि चिन्ह उलटं करायचं. नुसती वजाबाकी केली तर गडद रंगांत सगळं चुकतं.

मोजणीपूर्वी ०, १५, ३०, ६०, १२० मिनिटांची एक शिडी करा आणि रंग वेळेशी सरळ रेषेत कुठपर्यंत वाढतो ते पाहा. पुढे रेषा वाकते. सकाळी नऊला ठेवून संध्याकाळी पाचला काढलेलं पाकीट हमखास त्या वाकलेल्या भागात असतं. म्हणून दिवसाची मात्रा तास-तासाची पाकिटं बदलूनच काढावी. शोषणांक (कलरीमीटरचा आकडा) १ च्या वर गेला की कलरीमीटरवरही भरवसा कमी.

आकड्याचा अर्थ लावताना

रंगाचं मात्रेत रूपांतर करायला एखादा संदर्भ लागतो. यूव्ही निर्देशांकाचा एक अंक म्हणजे त्वचेवरच्या परिणामाच्या हिशोबानं प्रति चौरस मीटर २५ मिलीवॉट. निर्देशांक १२ असेल तर ०.३ वॉट; अर्ध्या तासात ५४० ज्यूल प्रति चौरस मीटर. १०० ज्यूल म्हणजे एक एसईडी, त्वचेवर लाली आणणाऱ्या मात्रेचं प्रमाण एकक. म्हणजे ५.४ एसईडी. शिडीतल्या प्रत्येक पायरीशेजारी यूव्ही मीटरचा त्या वेळचा निर्देशांक लिहिला की रेषा तयार होते. मीटर कोणता, हे महत्त्वाचं: ३६५ नॅनोमीटरचा यूव्हीए मीटर या कामाला चालत नाही.

जंतुनाशक दिव्याखाली रेषा काढायचा मोह टाळा. तो दिवा २५४ नॅनोमीटरचा, म्हणजे यूव्हीसी. टीटीसी ते खूप जोरात शोषतं, आणि सूर्याचं यूव्हीसी जमिनीवर पोहोचतच नाही. दिव्यावर पाच मिनिटांत लाल झालेल्या जेलची रेषा उन्हाला लावली तर आकडा काहीच्या काही येतो. शिवाय तो दिवा डोळ्यांना आणि कातडीला इजा करतो.

शेतात वापरताना जागा नीट ठरवा. ऊसतोड किंवा कापूस वेचणी वाकून चालते; छातीवर लावलेलं पाकीट सावलीत राहतं आणि मानेवर, पाठीवर खरी मात्रा पडते. मानेजवळ कॉलरला, खांद्यावर आणि टोपीच्या किंवा पदराच्या माथ्यावर अशी तीन पाकिटं लावा, प्रत्येकाची झाकलेली जोडी तिथेच. पाकीट कापडाला टाचायचं, कातडीला चिकटवायचं नाही. कडुलिंबाच्या सावलीतलं पाकीटही थोडं रंगेल, आणि ती चूक नव्हे: यूव्हीबीचा मोठा हिस्सा थेट सूर्याकडून न येता सगळ्या आभाळाकडून येतो. विरळ सावलीच्या बाभळीखाली आणि दाट चिंचेखाली आकडा वेगळाच येईल.

टीटीसी हाताळताना हातमोजे घाला, भुकटी उडू देऊ नका, आणि वापरलेलं जेल मोरीत न ओतता बरणीत साठवून प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्या.

मे महिन्यातली रेषा डिसेंबरच्या सकाळला लावू नका. सूर्य खाली असला की उन्हात यूव्हीबीचा वाटा यूव्हीएच्या मानाने घटतो, आणि जेलची दाद त्वचेच्या दादेशी तंतोतंत जुळणारी नाही. हंगाम बदलला की शिडी नव्यानं करा. पावसाळ्यात ढगांच्या फटींत शिडी पूर्ण होत नाही, तेव्हा ती जूनच्या आधी किंवा ऑक्टोबरच्या निरभ्र आठवड्यात उरका.